‘मेकॅनिकलची पदवी वाया जाते’ या दाव्याचा प्रतिवाद

निकालाच्या दिवसांत जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. त्याचा आशय असा: कॉलेजात शिकलेले कारखान्यात उपयोगी पडत नाही, खान्देशात इंजिनिअरला काम नाही, शॉप फ्लोअरवर (कारखान्यातल्या प्रत्यक्ष उत्पादनाच्या जागी) गेलेला मुलगा तिथेच अडकतो, शिवाय सुरुवातीचा पगार कमी आणि ‘ट्रेनी’ म्हणून राबवून घेतात, तेव्हा मेकॅनिकलची पदवी हाती येताच पुणे गाठून सॉफ्टवेअरचा कोर्स करावा. असे संदेश वाचून घरात निर्णय घेतले जातात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

पहिले विधान सर्वांत जास्त नुकसान करणारे आहे. पीव्हीसी पाइपाच्या एक्स्ट्रूडरचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यातून (डायमधून) ढकलून पाइप काढणाऱ्या यंत्राचे उदाहरण घ्या. पाइपाची भिंत एका बाजूला पातळ येऊ लागली की अनुभवी ऑपरेटर डायचे बोल्ट आवळून-सैल करून जाडी सारखी करतो आणि लाइन चालू ठेवतो. त्याचे हे कसब मोठे आहे आणि नव्या इंजिनिअरने ते त्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे. पण डायवरचा एखादा बँड हीटर (डायला तापवणारा पट्टा) बंद पडला असेल, तर त्या बाजूचे वितळलेले द्रव्य थंड आणि घट्ट राहते, तिथून कमी वाहते आणि बोल्ट कितीही फिरवले तरी दोष पुन्हा डोके वर काढतो. तापमान, श्यानता (द्रवाचा घट्टपणा) आणि प्रवाह यांचे नाते ज्याने अभ्यासले आहे, तो मायक्रोमीटरने पाइपाच्या घेराभोवती जाडी मोजतो, नोंदी ठेवतो आणि हीटरपर्यंत पोहोचतो. परीक्षेपुरता वाटलेला विषय येथे थेट कामाला येतो. जाडी गरजेपेक्षा जास्त ठेवली तर प्रत्येक मीटरमागे कच्चा माल वाया जातो, कमी भरली तर आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपांच्या भारतीय मानकात पाइप बसत नाही; पदवीधराचा पगार या दोन टोकांमधल्या कामातून निघतो.

दुसरे विधान नकाशा न पाहता केलेले आहे. रावेर-यावलच्या केळीला पाणी देणारे ठिबक संच आणि पाइप जळगावजवळ बांभोरीला तयार होतात, जामनेर तालुक्यात गाडेगावला प्लास्टिक पाइपाचा मोठा कारखाना आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, भुसावळला विद्युत इंजिनांची देखभाल होते आणि दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. मोटारींचे डिझाइन करायचे असेल तर पुण्याला जावे लागेल, हे खरे. परंतु उत्पादन, देखभाल आणि गुणवत्ता या कामांची पहिली काही वर्षे घराजवळ काढता येतात आणि खोलीभाडे वाचते ते वेगळेच.

तिसऱ्या विधानाला थोडक्यात उत्तर पुरे. कारखान्यातली पाळी (शिफ्ट) सांभाळलेला माणूस पुढे गुणवत्ता, टूलिंग (साचे व हत्यारे), प्रक्रिया सुधारणा किंवा खरेदी विभागात जातो, कारण बिघाड कुठे होतो हे त्याला ठाऊक असते. डिप्लोमा झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला पदवीचा प्रवेशही खुला आहे.

संदेशातली एक तक्रार मात्र न्याय्य आहे: सुरुवातीचा पगार कमी असतो आणि काही ठिकाणी ‘ट्रेनी’ या नावाखाली वर्षानुवर्षे कंत्राटावर राबवून घेतले जाते. त्यावर उपाय क्षेत्र सोडणे हा नसून करार नीट वाचणे हा आहे. शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) १९६१ च्या कायद्याखाली येते. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी तिची मुदत साधारणपणे एक वर्ष असते आणि ती संपल्यावर नोकरी मिळेलच असे कायदा सांगत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी हा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जाणार आहे का, कोणकोणत्या विभागांत काम मिळेल आणि वर्षअखेरीस कायम करण्याचे कंपनीचे धोरण काय आहे, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत.