चालतंय की, मग कशाला हात लावताय?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसमागच्या खोलीत दोन सर्व्हर आणि एक स्टोरेज (दोघांची सामायिक डिस्कांची पेटी) आहे. टॅली, ईआरपी, हजेरीचं सॉफ्टवेअर असं सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संगणकात, कोंबलेलं आहे. मग मल्टिपाथिंग नावाचं प्रकरण तुमच्याकडे कधीच येऊन बसलंय, तुम्हाला ते माहीत असो वा नसो. सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत एकाच्या जागी अनेक रस्ते, म्हणजे पाथ, ठेवायचे, एक तुटला तर डेटा दुसऱ्यानं जावा, एवढीच ती कल्पना. सोलापूरकराला हे फोड करून सांगायला नको. उजनीहून एक जलवाहिनी असताना समांतर जलवाहिनी हवी, हे ऐकत आपल्याकडं पोरांची लग्नं होऊन गेली. समांतर म्हणजे काय आणि ते कधी कामाला येतं, यातला आपला अभ्यास पुण्याच्या कुठल्याही इंजिनिअरपेक्षा पक्का आहे.

तेव्हा हे बिघडल्यावर काय करायचं, ते नीट ऐका.

मुळात बिघडलंय हे कळूच देऊ नका. मल्टिपाथिंगचा मोठा गुण हाच, की एक पाथ मेला तरी कुणाला पत्ता लागत नाही. टॅली उघडते, बिलं निघतात, मालक खूश. अलर्टचे मेल जिथं जातात तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या पोराचा असेल तर तसाच राहू द्या. लिनक्सवर कुणी हौशीनं ‘मल्टिपाथ -एलएल’ मारलंच, तर चांगल्या पाथपुढं ‘ॲक्टिव्ह रेडी रनिंग’ येतं आणि मेलेल्यापुढं बहुधा ‘फेल्ड फॉल्टी रनिंग’. शेवटी रनिंग आहे ना? मग झालं तर! चालतंय की बे.

केबल जोडताना काटकसर सोडू नका. सर्व्हरला फायबर चॅनेलची (स्टोरेजसाठीच्या खास नेटवर्कची) दोन पोर्ट आहेत, स्टोरेजला दोन कंट्रोलर (डिस्का सांभाळणारे मेंदू) आहेत. पुस्तकात म्हणतात दोन वेगळे स्विच ठेवा, दोन वेगळी फॅब्रिक, म्हणजे एकमेकांशी न जोडलेली जाळी, करा. पण एकाच स्विचमध्ये एवढी पोर्ट रिकामी असताना दुसरा स्विच घेणारा माणूस कारखाना चालवायच्या लायकीचा नाही. चारही केबल त्यातच खोचा. त्या स्विचची आणि स्टोरेजची पॉवरची वायर एकाच एक्स्टेंशन बोर्डात घाला, आणि तो बोर्ड एकाच यूपीएसवर. स्क्रीनवर चार पाथ हिरवेगार दिसतात. एका बटणावर चारही जातात, पण ते स्क्रीनवर लिहिलेलं नसतं.

आता फायबरच्या टोकाबद्दल जरा सविस्तर, कारण यात आपल्या गावाचा हात कुणी धरणार नाही. सर्व्हरची खोली लूमच्या शेडला लागून असली की कापसाचा तूस सगळीकडं जातो. पंख्यावर बसतो, एसीच्या जाळीत बसतो, आणि स्विचमध्ये जिथं केबल घातलेली नाही त्या पोर्टात तर घर करून राहतो. कारण त्या पोर्टाचं रबरी बूच पहिल्याच दिवशी कुणीतरी कचऱ्यात टाकलेलं असतं. मल्टिमोड फायबरचा जो गाभा आहे, ज्यातून उजेड जातो, तो साधारण ५० मायक्रॉनचा. आपला केस बहुतेक वेळा त्याहून जाड. त्यावर तुसाचा एक धागा आडवा बसला की लिंक पूर्ण तुटत नाही, तेवढी दया तो करत नाही. लिंक चालू राहते आणि सीआरसी एरर, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याच्या नोंदी, वाढत जातात. पाथ पडतो, उठतो, पुन्हा पडतो. दर खेपेला व्हर्च्युअल मशीन दोन-चार सेकंद गप्प बसतं आणि डिस्पॅचवाला माऊस आपटतो. यावर इलाज सोपा आहे. केबल उपसा, टोकावर जोरात फुंकर मारा, शर्टाच्या कोपऱ्यानं पुसा, परत खोचा. थुंकीचा एक बारीक थेंब गेला तर उत्तमच. फायबर साफ करायचं क्लीनर पेन मिळतं, पण ते मागवायचं म्हणजे परचेस ऑर्डर आली. स्विचवरचे एररचे आकडेही बघू नका. बघितले तर कोणती केबल दोषी ते लगेच कळेल आणि बाकीच्या तीन उपसायची मजा जाईल.

लिनक्सचा होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर) असेल आणि मल्टिपाथ सुरूच केलं नसेल, तर एकच लन (स्टोरेजनं सर्व्हरला दिलेली डिस्क) चार पाथनी चार वेळा दिसते: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. स्टोरेजवाल्यानं दोन टेराबाइट दिले आणि आपल्याकडं आठ झाले! एक वापरा, एक स्पेअर समजून फॉरमॅट करा. चारींचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच आहे का, हे तपासत बसणारी माणसं स्वभावानं संशयी असतात.

आयएससीएसआय (साध्या नेटवर्कवरून स्टोरेज जोडायची पद्धत) असेल तर जंबो फ्रेम, म्हणजे मोठे पॅकेट, हव्यातच. होस्टवर एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) ९००० करा, स्टोरेजवर ९००० करा, मधल्या स्विचवर १५०० राहू द्या. साधा पिंग छान जातो, कारण तो पिटुकला असतो. लॉगिनही होतं. मोठं रीड आलं की मात्र सगळं अडकतं आणि मल्टिपाथ निष्पाप पाथांना मेलेलं ठरवत सुटतं. ‘व्हीएमकेपिंग’ला (व्हीएमवेअरच्या पिंगला) तुकडे न करण्याचा पर्याय देऊन ८९७२ बाइटचा पॅकेट पाठवला तर मिनिटात उलगडा होतो (९००० वजा आयपी हेडरचे २०, वजा पिंगच्या आयसीएमपी हेडरचे ८). पण मिनिटात सुटणाऱ्या भानगडीचं बिल किती लावणार?

व्हीएमवेअरमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) पाथ निवडायची पॉलिसी इंटरनेटवर वाचून बदला, आपल्या स्टोरेजच्या कंपनीचा कागद वाचून नको. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह स्टोरेजवर (जिथं एका वेळी एकच कंट्रोलर लन सांभाळतो) ‘फिक्स्ड’, म्हणजे नेहमी ठरलेलाच पाथ, लावा आणि दोन होस्टना दोन वेगवेगळ्या कंट्रोलरचे आवडते पाथ द्या. एक होस्ट लन इकडं ओढतो, दुसरा तिकडं, आणि दिवसभर लन हेलपाटे घालते. एचबीए (सर्व्हरचं फायबर चॅनेल कार्ड) बदललं असेल तर झोनिंगमध्ये (कुणी कुणाशी बोलायचं ती स्विचमधली यादी) जुन्या कार्डाचाच डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा पत्ता) ठेवा. गेलेल्याची आठवण राहते.

सगळेच पाथ गेले तर? ईएसएक्सआय (होस्टवरचं व्हीएमवेअर) मुळात १४० सेकंद वाट बघतो, मग व्हर्च्युअल मशीनचा सोडून बाकीचा आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) नाकारायला लागतो. स्टोरेजनं स्वतःच सेन्स कोड (एररचा ठरलेला आकडा) देऊन ‘ही लन आता नाही’ असं कळवलं, तर तो प्रकार वेगळा, त्याचा इलाजही वेगळा. दोन्हींतला फरक व्हीएमकर्नलच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेला असतो. म्हणून लॉग उघडायच्या आत होस्ट रीबूट करा. लॉग रॅमडिस्कवर (रीबूटला पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) असेल तर पुरावाही त्याच्याबरोबर जातो. लिनक्सवर ‘नो पाथ रिट्राय’ला ‘क्यू’ (पाथ येईपर्यंत रांगेत थांबा) लावलं असेल तर आणखी मौज: प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत) जाऊन बसतात, ‘किल -९’लाही दाद देत नाहीत, सीपीयू रिकामा आणि लोड ॲव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या कामांचा आकडा) गगनाला. मालकाला सांगा, सर्व्हरवर कामाचा ताण वाढलाय, मोठा घ्यावा लागेल.

संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याहून सपोर्टवाला येईल. कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली की तो हळूच विचारेल, एकेक केबल काढून फेलओव्हर (काम दुसऱ्या पाथवर जाणं) खरंच होतो का ते बघू या? इथं खंबीर राहा. हे पोरगं दिसायला गरीब असलं तरी धोकादायक आहे. आत्ता नको म्हणावं, सिद्धेश्वराचा गड्डा (जानेवारीतली जत्रा) तोंडावर आहे, निम्मे कामगार सुट्टीवर. गड्डा झाला की मार्च एंडिंग. मग उन्हाळा, एसी आधीच धापा टाकतोय, त्यात कुठं केबल हलवता? मग गणपती. मग दिवाळीच्या ऑर्डरी, तेव्हा तर सर्व्हरच्या खोलीकडं बघायचंसुद्धा नाही. दिवाळी उरकली की त्याला फोन करून तारीख विचारा, फक्त गड्ड्याच्या आसपासची नको म्हणावं.