मुंग्या म्हणजे नस मोकळी होणं नव्हे

'कान वाहतोय आणि गालाला मुंग्या येतायत? घाबरू नका, आनंद माना!' असा पाच कलमी मेसेज सध्या फिरतोय. आमच्या आत्याने तो वाचून सोडून दिला नाही, पाळला. तिला शुगर आहे, उजवा कान तीन आठवडे वाहतोय, आणि ही रोज रात्री त्यात लसणाचं तेल सोडत होती. परवा चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं, तेव्हा कुठे मला फोन आला.

कलम पहिलं: वाहणारा कान अडवू नका, घाण निघून जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा २००४ चा अहवाल नेमका असल्याच, म्हणजे पडद्याला भोक पडून दोन-दोन आठवडे वाहणाऱ्या कानांवर आहे. त्यातला अंदाज असा, की जगात साडेसहा ते तेहतीस कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यापायी वर्षाला सुमारे २८,००० माणसं दगावतात. जास्त प्रमाण असलेल्या देशांत भारत आहे. पू बाहेर येतो तसा आतही जातो, मेंदूपर्यंत.

कलम दुसरं वाचून माझं डोकंच फिरलं: 'मुंग्या ही नस मोकळी होत असल्याची खूण.' आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, त्या घोळावर हे वाक्य उभं आहे. चेहरा हलवणारी नस मधल्या कानाच्या भिंतीतूनच जाते, हाडाच्या बारीक बोगद्यातून. काहींचा तो बोगदा जन्मतःच मध्येमध्ये उघडा असतो. उरलेल्यांचा, कानातलं हाड सडलं की उघडा पडतो. मग तिला सूज येते, गाल जड वाटतो, आणि डोळा नीट मिटेनासा होतो. तिचाच एक बारीक फाटा पडद्याला लागून जातो, तो जिभेच्या त्या बाजूची चव नेतो. आत्या आठवडाभर म्हणत होती, 'चहा तांब्यात उकळल्यासारखा लागतोय.' आम्ही चहापत्ती बदलली!

कानाच्या हाडाच्या आतल्या टोकाशी चेहऱ्याची संवेदना नेणारी नस टेकलेली असते. पू तिथवर गेला तर डोळ्यामागे ठणका लागतो, एकाचे दोन दिसतात. ग्रादेनिगो नावाच्या इटालियन डॉक्टरने हे १९०४ मध्येच लिहून ठेवलंय. कानात बारीक फोड आणि तोंड वाकडं, तर ती नागीणही असू शकते. आणि शुगरवाल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाहेरच्या कानाचा संसर्गसुद्धा कवटीच्या हाडात उतरतो. यात आनंद कसला मानायचा?

तिसरं, लसणाचं तेल. पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात जातं. असा कान कोरडा ठेवायचा असतो. बास.

चौथं: मुंग्या अँटिबायोटिकमुळेच येतात, गोळ्या बंद करा. यात अर्धं खरं आहे, कबूल करायला जिवावर येतं तरी. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातल्या गोळ्या आणि इंजेक्शनांनी हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये तो इशारा आणखी कडक केला. पण त्यातच म्हटलं होतं, की कानात घालायच्या थेंबांचा असा धोका माहीत नाही. आत्या घेत होती ते थेंबच, आणि मेसेज वाचून तिने तेच बंद केले. गोळ्यांनी मुंग्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, गोळी ते बदलतील.

पाचवं, बी-१२ कमी आहे. असेलही, शाकाहारी घरांत ते सर्रास कमी निघतं. पण त्या मुंग्या बहुतेकदा दोन्ही पायांत सुरू होतात, दुखऱ्या कानाकडचा गाल निवडून येत नाहीत. घाबरून भराभर श्वास घेतला तरी ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, त्या थोड्या वेळात जातात.

कान वाहत असताना तोंड वाकडं झालं, गाल बधिर झाला, चक्कर आली, किंवा ताप येऊन मान ताठली, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कुठली बाजू, किती दिवस, शुगर किती, गोळ्या कोणत्या, सगळं सांगा. आणि तेल घातलं असेल तर तेही. आत्याने लपवलं. डॉक्टरांनी आधी अर्धा तास ओढून ओढून तेलाचा चिखल काढला, तेव्हा कुठे पडदा दिसला.