‘थ्रीडी घड्याळ पाच मिनिटं मागे चालतं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, नाव दिसत नाहीये म्हणून नुसतंच नमस्कार. आमच्या थ्रीडी घड्याळाच्या स्क्रीनसेव्हरने (कंप्युटर नुसता पडून असला की स्क्रीनवर येणारं चित्र) तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी, मनापासून. एक स्टार बघून वाईट वाटलं पण तो तुमचा हक्क आहे, त्यावर वाद नाही. मुख्य वाद एका वाक्यावर आहे, ‘जे घड्याळ धड वेळ दाखवत नाही ते विकता कशाला’ या. कारण आता नवीन माणूस आलं की आधी तेच वाक्य वाचतं आणि पुढे ट्रायल न घेताच निघून जातं, आणि आमचं हे दोन माणसांचं काम आहे, घर यावरच चालतं.

तर वेळेचं सांगतो. आपला स्क्रीनसेव्हर स्वतः वेळ मोजतच नाही. प्रत्येक फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातलं एकेक चित्र, काढताना तो विंडोजला विचारतो किती वाजले, जे उत्तर येईल त्यावरून काट्याचा कोन काढतो, मिनिटाला ६ अंश, तास काट्याला तासाला ३० अंश आणि वर दर मिनिटाला अर्धा अंश, बस. मागच्या फ्रेमला काटा कुठे होता हे त्याला माहीतही नसतं. त्यामुळे लॅपटॉप अडकला, फ्रेम गळल्या, तर काटा उडी मारेल, दिसायला घाण दिसेल, पण मागे राहणार नाही. हळूहळू पाच मिनिटं मागे पडायला घड्याळाने आधी स्वतः मोजायला तर हवं ना! आम्ही नुसते निरोप्ये, निरोप विंडोजचा.

आणि हे मी हवेत बोलत नाहीये, तुम्हीच टाकलेला फोटो बघा. स्क्रीनसेव्हर सेटिंग्जच्या खिडकीत वर छोट्या मॉनिटरमध्ये आपलं घड्याळ चालू आहे, त्यात १०:४२ झालेत. आता त्याच फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात टास्कबारवर बघा, तिथेही १०:४२. तुमच्या मोबाइलवर १०:४७ होते असं तुम्ही लिहिलंय, मान्य, पण मग अख्खा कंप्युटरच पाच मिनिटं मागे आहे आणि स्टार मात्र आमचा गेला. टाइम झोन चुकला असता तर फरक तासाचा, अर्ध्या तासाचा आला असता, असा पाच मिनिटांचा आला की बहुतेक वेळा इंटरनेटवरून वेळ जुळवणं बंद पडलेलं असतं. कंप्युटरच्या घड्याळातलं वेळ मोजणारं क्रिस्टल दिवसाला एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होणं नॉर्मल आहे, रोज दोन सेकंद धरले तरी पाच महिन्यांत पाच मिनिटं होतात. टास्कबारच्या वेळेवर राइट क्लिक करा, ‘अ‍ॅडजस्ट डेट अँड टाइम’ उघडा, ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू आहे का बघा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. प्रत्येक वेळी मशीन बंद करून चालू केल्यावर वेळ परत चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय, तो बदलून घ्या.

‘मागची चाकं नुसती शोसाठी फिरतात’ हे खरं सांगतो जास्त लागलं. पारदर्शक डायल निवडला की जी चाकं दिसतात ती खऱ्या घड्याळासारखी जुळवलीत. मिनिट काट्याच्या १२ दात्यांच्या चाकाला ३६ दात्यांचं लागतं, त्याच दांड्यावरचं १० दात्यांचं पुढे ४० दात्यांच्या चाकाला फिरवतं, म्हणजे आधी तीन पट मग चार पट, एकूण बारा, म्हणून मिनिट काटा बारा फेऱ्या मारतो तेव्हा तास काट्याची एक होते. दाते मोजून बघा, झूमचा पर्याय आहेच. रोमन डायलवर चारच्या जागी चार उभ्या रेघा आहेत तीही ‘चूक’ नाही हो, जुन्या घड्याळांत बहुतेक असंच असायचं. लंडनच्या बिग बेनवर वेगळं आहे, तिथे पाचाच्या आधी एक रेघ. तसं हवं असेल तर डायलच्या टॅबमध्ये त्याचीही टिक ठेवलीय.

लॅपटॉप तापतो म्हणालात, तुम्हीच लिहिलंय की ‘सगळं फुल करून बघितलं’. सावल्या, काचेवरचं प्रतिबिंब, अँटी-एलिआसिंग (कडा गुळगुळीत करणं) आठपट, सगळं फुल ठेवलं की ग्राफिक्स चिप सतत राबते आणि पंखा ओरडतो, स्क्रीनसेव्हर असला तरी शेवटी थ्रीडी प्रोग्रामच आहे तो. फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) ३० करा, प्रतिबिंब काढा, सेकंद काटा सरकता न ठेवता टिक-टिक वर टाका, फरक लगेच कळेल. बॅटरी वाचवायचा विचार असेल तर आमचाच माल असून सांगतो, स्क्रीन बंद होऊ द्या, कुठलाही स्क्रीनसेव्हर वीज वाचवत नाही. तो आला होता जुन्या काचेच्या मॉनिटरवर चित्राचा डाग पडू नये म्हणून. आज एलसीडीला ती भीती फारशी नाही, ओएलईडीला (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो तो स्क्रीन) आहे, म्हणूनच घड्याळ ‘एका जागी थांबत नाही, हळूहळू सरकत राहतं’, ते मुद्दाम आहे, आवडत नसेल तर ‘हालचाल’ शून्यावर न्या, पण ओएलईडी असेल तर नका नेऊ.

‘कधी कधी येतच नाही’ याचं कारण बहुतेक पॉवर सेटिंग. स्क्रीन पाच मिनिटांत बंद होणार आणि स्क्रीनसेव्हरचं वेट (किती वेळाने यायचं ते) दहा मिनिटं, मग तो येणार कधी? वेट कमी ठेवा. आणि रंग, डायल, काटे बदलायची जागा सापडली नाही म्हणालात तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, अगदी खाली स्क्रीन सेव्हर, मग यादीत आपलं घड्याळ निवडून शेजारचं ‘सेटिंग्ज’ बटण. एवढं आत का लपवलंय ते विंडोजवाल्यांनाच विचारा, ती खिडकी आम्ही केलेली नाही. पुढच्या अपडेटमध्ये डेस्कटॉपवरून थेट उघडायचं काहीतरी देतो, बघू, आणि कमकुवत मशीन दिसलं की क्वालिटी आपोआप कमी व्हावी असंही डोक्यात आहे.

पैसे परत हवे असतील तर मदत पानावरून लिहा, एक शब्द न विचारता देऊ. पण त्याआधी एकदा सिंक करा, मोबाइल शेजारी धरा, आणि वेळ जुळली तर बाकी रिव्ह्यू आहे तसा राहू दे, लॅपटॉप तापतो तेही राहू दे, फक्त ते ‘धड वेळ दाखवत नाही’वालं वाक्य तेवढं काढा.