डब्यात पासष्ट टक्के

सिगार प्रकृतीला वाईट असते हे मला ठाऊक आहे. ती पुण्यात सांभाळणं मात्र त्याहून वाईट. एप्रिलच्या दुपारी इथल्या हवेची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास घुटमळते आणि सिगारचं वरचं पान चुरचुरत उकलायला लागतं. जुलैत तीच हवा नव्वदीला टेकते आणि कपाटातल्या चामडी पट्ट्याबरोबर सिगारलाही बुरशी धरते. जाणकारांचा ठरलेला आकडा म्हणजे ७० टक्के आर्द्रता आणि २१ अंश तापमान. मे महिन्यात पुण्यात २१ अंश फक्त एटीएमच्या खोलीत सापडतात, आणि तिथे डबा ठेवून निघालो तर बॉम्बशोधक पथक येईल.

माझं मत सरळ आहे: ६५. सत्तरला आपल्या उकाड्यात बुरशी टपून बसलेली असते, पंच्याहत्तरला तिला अक्षता दिल्यासारखंच. सादळलेली सिगार एकाच बाजूनं जळते, पुन:पुन्हा विझते, ओढताना गाल आत जातात आणि आतली पानं फुगून वरचं पान तडकतं. साठाखाली गेली की भराभर जळते, धूर गरम लागतो आणि घसा चरचरतो. क्यूबन सिगारवाले ६२ वर अडून बसतात. बसू द्यावं, त्यांचं फारसं चुकत नाही. ‘गरम हवेत बाष्प जास्त मावतं, म्हणून ऋतूप्रमाणे आकडा बदला’ असं सांगणारे भेटतात. ३० अंशांची हवा २१ अंशांच्या हवेपेक्षा दीडपटीहून अधिक बाष्प धरते हे खरंच आहे. पण तंबाखूचं पान मुख्यत: टक्के बघतं, बाष्पाचे ग्रॅम नव्हे.

हे टक्के सांगणारा आधी खरं बोलणारा हवा. सिगारच्या लाकडी पेटीच्या झाकणातला, आर्द्रता दाखवणारा सोनेरी काटा हा दागिना समजावा. तो दहा टक्क्यांची थाप सहज मारतो. साधा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, घ्या आणि त्याचीही परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी. मीठ चिंब व्हावं, विरघळू नये. झाकण आणि मीटर शेजारी शेजारी झिपच्या पिशवीत ठेवून ती दिवसभर बंद. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर त्या मीटरच्या आकड्यात कायम ४ मिळवायचे. या टप्प्यावर घरातलं कुणीतरी, न विचारता, मिठात चार तांदूळ टाकायला सांगतं. आयुष्यात एकदाच मीठ सादळायला हवं असतं, तेव्हाही.

लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल राखणारी ती पेटी, देखणा, पण कोरडं लाकूड आधी स्वत:च पाणी पितं. ८४ टक्के आर्द्रता राखणारं ओलाव्याचं पाकीट आत ठेवून त्याला दोन आठवडे मुरवावं लागतं. मी बोहरी आळीतल्या रबरी रिंगच्या प्लास्टिक डब्याच्या बाजूनं आहे. नवा कोरा घ्यावा. हिंगाचा डबा कितीही घासला तरी तंबाखू तो वास ओळखून उचलतो. आत दुतर्फा काम करणारं ६५ चं पाकीट ठेवायचं: कमी पडलं तर ओल देणारं, जास्त झाली तर शोषणारं. पंचवीस सिगारना ६० ग्रॅमचं एक पुरतं. आतलं जेल कडक लागलं की बदलायचं. ओला स्पंज आणि सफरचंदाची फोड हे बुरशीचे सख्खे मामा. आणि डबा रोज उघडायचा नाही! उघडला की आकडा घसरतो, घसरला की माणूस घाबरून स्पंज टाकतो.

एक शत्रू मात्र टक्क्यांना जुमानत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा, जो हळदीत आणि धण्यांतही सापडतो. पारा २४ च्या वर गेला की त्याची अंडी फुटण्याचा धोका वाढतो, आणि मग सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. त्यावर उपाय म्हणजे दुहेरी झिपच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रिज, तीन दिवस फ्रीजर, पुन्हा एक दिवस फ्रिज. घाई केली तर वरचं पान फाटतं. फ्रीजरमध्ये पिशवी सोललेल्या मटारांशेजारी जाते, म्हणून तिच्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावं: ‘ही दालचिनी नव्हे.’