कट्यार म्हणजे खंजीर नव्हे : एक खुलासा

कट्यार, खंजीर आणि बिचवा ही एकाच शस्त्राची तीन नावे असल्याचा एक संदेश सध्या पुण्यातील व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. कट्यारीला सुरीसारखी उभी मूठ नसते, तर दोन समांतर पट्ट्यांमध्ये आडवी पकड असते, त्यामुळे पाते हाताच्या रेषेत पुढे येते आणि भोसकताना मनगटामागचे सारे बळ थेट टोकाशी पोहोचते. ही रचना मला विलक्षण वाटते. खंजीर हा शब्द अरबी-फारसीतून आलेला असून त्याचे पाते बहुधा वक्र व दुधारी असते. बिचव्याचे नाव विंचवावरून पडले, कारण त्याचे पाते नांगीसारखे वळलेले असते. विश्वासघाताबद्दल बोलतानाही आपण ‘पाठीत खंजीर खुपसला’ असेच म्हणतो, तिथे कट्यार येत नाही.