किंग यांना कोर्टाने नेहमीच वाचवलं? निकाल वेगळंच सांगतात

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: 'अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीला कायम साथ दिली. मोर्चा शांततेत असेल तर तिथे शिक्षा होत नाही. बेकायदा बंदीहुकूम तर बेधडक मोडता येतो.'

'कायम साथ दिली' इथेच पहिली गडबड आहे. १९६१ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या विधानभवनापाशी मोर्चा नेणाऱ्या १८७ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिक्षा न्यायालयाने १९६३ मध्ये रद्द केल्या, हे खरं. पण फ्लोरिडातल्या टॅलाहॅसीत तुरुंगाच्या आवारात निदर्शनं करणाऱ्या ३२ जणांची शिक्षा याच न्यायालयाने १९६६ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केली. तेही शांतच होते. म्हणजे मेसेजमधलं दुसरं वाक्यही तिथेच निकालात निघालं.

तिसरा दावा सगळ्यात घातक, कारण तो वाचून कुणी खरंच तसं वागेल. एप्रिल १९६३, बर्मिंगहॅम. मोर्चाचा परवाना मागितला, तेव्हा पोलीस खात्याचे आयुक्त बुल कॉनर यांनी परवान्याऐवजी तुरुंगाची भाषा केली. मग शहराने समोरच्या पक्षाला न ऐकताच स्थानिक कोर्टाकडून मनाईहुकूम मिळवला. किंग आणि सहकाऱ्यांनी गुड फ्रायडेला तो मोडला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं: हुकूम घटनाबाह्य वाटला तरी आधी कोर्टात जाऊन तो उठवून घ्यायला हवा होता. पुन्हा ५ विरुद्ध ४. किंग त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर शिक्षा भोगायला परत बर्मिंगहॅमला गेले.

आता पुढचं ऐका. त्याच मोर्चातले फ्रेड शटल्सवर्थ परवान्याचा नियम मोडल्याच्या खटल्यात १९६९ मध्ये सुटले. परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा तो नियमच न्यायालयाने घटनाबाह्य मानला. मोर्चा एक, शहर एक, पण नियम मोडल्याची शिक्षा रद्द झाली आणि कोर्टाचा हुकूम मोडल्याची कायम राहिली. हा निकाल लागला तेव्हा किंग यांची हत्या होऊन जवळपास वर्ष झालं होतं.

याचा अर्थ न्यायालय चळवळीच्या विरोधात होतं, असाही नाही. मिसिसिपीतल्या पोर्ट गिब्सनमध्ये गोऱ्या दुकानदारांवर घातलेल्या बहिष्काराला त्याने घटनेचं संरक्षण दिलं आणि आंदोलकांवर लादलेली साडेबारा लाख डॉलरची भरपाई रद्द केली. फक्त बहिष्कार १९६६ चा होता आणि निकाल आला १९८२ मध्ये.