पीपीटी आहे ना त्यात?

नवा कॉम्प्युटर घरात आला की 'यातलं कळणाऱ्या' माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. पीपीटी म्हणजे पॉवरपॉइंट, मायक्रोसॉफ्टचं प्रेझेंटेशन बनवायचं सॉफ्टवेअर. वेळही ठरलेली: प्रेझेंटेशन उद्या सकाळी आणि आत्ता रात्रीचे अकरा. माझं उत्तर 'नाही'. ते कुणालाच पटत नाही, कारण स्टार्ट मेनूत आयकॉन दिसत असतो!

विंडोजबरोबर नोटपॅड येतं, कॅल्क्युलेटर येतो, पेंट तर १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून आहे. पत्त्यांचा डावही बहुधा मांडलेलाच असतो. म्हणजे उद्याची मीटिंग विसरायची सोय चोख. मीटिंगचं तेवढं तुमचं तुम्ही बघा. वर्डपॅड होतं बिचारं, तेही विंडोज ११ च्या २०२४ मधल्या मोठ्या अपडेटने काढून टाकलं.

मग तो आयकॉन कसला? 'मायक्रोसॉफ्ट ३६५' (२०२५ पासून 'मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट') नावाचा तो नुसता दरवाजा आहे. अकाउंटने साइन-इन केलं की पॉवरपॉइंट ब्राउझरमध्ये उघडतं. ते फुकट आहे, सोबत फाइली ठेवायला पाच जीबी ऑनलाइन जागाही मिळते, आणि अकरा वाजताच्या प्रसंगाला पुरतं. फक्त इंटरनेट हवं. काही मशीनवर ट्रायल असते. ती संपली की फाइल उघडते, वाचता येते, छापताही येते, पण तिला हात लावता येत नाही. नेमकी चूक शेवटच्या स्लाइडवर दिसते तेव्हा हे कळतं.

काही मशीनच्या किमतीत ऑफिसचं, म्हणजे वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट या संचाचं, पूर्ण लायसन्स असतं. ते पहिल्यांदा ज्याच्या ईमेलने चालू कराल त्या अकाउंटला चिकटतं. 'मी देतो चालू करून' म्हणणाऱ्या भाच्याने स्वतःचा ईमेल टाकला, तर मशीन तुमचं आणि लायसन्स भाच्याचं. पॉवरपॉइंटमध्ये फाइल, मग अकाउंट उघडा आणि प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड लिहिलंय का आणि खाली नाव कुणाचं आहे, ते वाचा.

मॅकवाले सुखी. २०१३ पासून नव्या मॅकबरोबर कीनोट हे ॲपलचं प्रेझेंटेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे, २०१७ पासून सगळ्यांनाच. गंमत म्हणजे पॉवरपॉइंटचा जन्मही १९८७ साली मॅकवरच झाला. विंडोजवर ते १९९० मध्ये आलं. सुख संपतं ते कीनोटची '.key' फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याच्या विंडोजसमोर उभं राहिल्यावर. निघण्यापूर्वी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट टू, पॉवरपॉइंट करायचं आणि उघडून बघायचं. कीनोटमधले नखरे पलीकडे साधे होऊन जातात.

विंडोजऐवजी उबंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम असेल, तर तिच्यात लिब्रेऑफिस इम्प्रेस हे प्रेझेंटेशनचं सॉफ्टवेअर आयतं यायचं. उबंटूच्या २३.१० या आवृत्तीपासून इन्स्टॉल करताना मोठा पर्याय निवडला तरच येतं, नाहीतर नंतर टाकायचं. विंडोजवरही ते फुकट चालतं, डाउनलोड साधारण साडेतीनशे एमबी. सेव्ह करताना ते स्वतःचा '.odp' प्रकार सुचवतं, तिथे पॉवरपॉइंटचा '.pptx' निवडायला विसरू नका.

सॉफ्टवेअर मिळालं तरी खरी फजिती फॉन्टची. फाइलमध्ये फॉन्टचं फक्त नाव जातं, अक्षरं नाहीत. समोरच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर दुसरा बसवला जातो, ओळी लांबतात आणि शीर्षक फोटोवर जाऊन बसतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनना समजणाऱ्या प्रमाण पद्धतीतली, मराठी निदान वाचता तरी येते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा चिवडा दिसतो आणि 'प्रास्ताविक' कुठलं हे वक्त्यालाही सांगता येत नाही. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे फॉन्ट एम्बेड करण्याची, म्हणजे फाइलमध्येच घालण्याची, खूण आहे. ती करा, मात्र काही फॉन्टचं लायसन्स त्याला परवानगी देत नाही.

प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. 'एक्स्टेंड' राहिलं तर तुम्ही लॅपटॉपवर फाइल शोधत असता आणि सभागृह तुमचं वॉलपेपर बघत असतं.

आणि काहीही असो, एक पीडीएफ प्रत जवळ ठेवाच. पीडीएफ दाखवणारं मात्र विंडोज, मॅक, उबंटू सगळ्यांबरोबर येतं. विंडोजवर ते काम एज ब्राउझर करतो. पीडीएफमध्ये ॲनिमेशन उडतं: गिरक्या घेत येणारे मुद्दे एकदम, मुकाट्याने हजर होतात. श्रोत्यांनी तक्रार केल्याचं अजून ऐकिवात नाही.